अँटीव्हायरसचे इशारे, ट्रॅकिंग कुकी आणि जाहिराती: घरच्या कॉम्प्युटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवते. आधी कळव्याच्या वर्गात एमएस-सीआयटी शिकवायचे, आता बहुतेक वेळा लोकांच्या घरी जाते, कारण अडचण घरच्याच कॉम्प्युटरवर उभी राहते. नौपाड्यातली जुनी इमारत असो, घोडबंदर रोडचा टॉवर असो की खाडीपलीकडचं ऐरोली, फोन साधारण एकच येतो: "मॅडम, स्क्रीनवर काहीतरी लाल आलंय." लोकांनी विचारलेले प्रश्न खाली जसेच्या तसे दिले आहेत. आत्ता या क्षणी तुमच्या स्क्रीनवर काही लाल दिसत असेल तर पहिली दोन उत्तरं वाचा. बाकीची निवांत वाचली तरी चालतील.

स्क्रीनभर इशारा आलाय, भोंगा वाजतोय आणि "कॉम्प्युटर बंद करू नका" असं लिहिलंय. काय करू?

आधी आवाज बंद करा. भोंगा थांबला की डोकं चालायला लागतं.

त्यावर दिलेल्या नंबरला फोन करू नका. त्यातल्या कुठल्याच बटणावर क्लिक करू नका, "कॅन्सल"वर नाही आणि कोपऱ्यातल्या फुलीवरही नाही, कारण ती फुली बऱ्याचदा चित्रातच काढलेली असते. की-बोर्डवरचं एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. स्क्रीन व्यापून बसलेलं पान लहान होतं आणि वरची ब्राउझरची पट्टी दिसू लागते. मग तो टॅब बंद करा. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम, एज, जे काही असेल ते निवडा आणि "एंड टास्क" करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि मशीन सरळ बंद करा.

"बंद केलंत तर सगळा डेटा जाईल" हे वाक्य तुम्ही बंद करू नये म्हणूनच तिथे लिहिलेलं असतं. फार तर एखादी सेव्ह न केलेली फाईल जाईल. मशीन पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर मघाची पानं परत उघडू का असं विचारतो, तिथे "नको" म्हणा.

इशारा खरा की खोटा, हे ओळखायचं कसं?

एकच प्रश्न विचारा: बोलतंय कोण?

घरच्या कॉम्प्युटरवर इशारा देणारे साधारण तिघे असतात: विंडोज, तुम्ही बसवलेला अँटीव्हायरस आणि एखादं वेबपान. पहिले दोघे मशीनच्या आत राहतात, त्यांना तुमच्या फायली दिसतात. वेबपान ब्राउझरच्या चौकटीतच राहतं. तुमच्या सी ड्राइव्हमध्ये काय आहे हे त्याला दिसतच नाही. म्हणून एखादं वेबपान "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" म्हणत असेल तर ते तपासत बसायचंही कारण नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने खालूनच ओरडून सांगावं की तुमच्या बेडरूमच्या कपाटात उंदीर शिरलाय, तसं ते आहे.

पडताळा सोपा आहे. ब्राउझर बंद केल्यावर इशारा गेला, तर तो पानाचा होता. मग स्टार्ट मेन्यूमधून स्वतः "विंडोज सिक्युरिटी" उघडा, त्यात "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" आणि त्याखाली "प्रोटेक्शन हिस्ट्री" बघा. विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला खरंच काही सापडलं असेल तर त्याची नोंद तिथे असते. दुसरा अँटीव्हायरस बसवला असेल तर त्याचं ॲप उघडून तिथली नोंद बघा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केलं आहे की त्यांच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. इशाऱ्यात नंबर दिसला की तिथेच विषय संपला.

इथे एक गोंधळ होतो. क्रोम किंवा एज स्वतःसुद्धा कधीकधी पूर्ण लाल पान दाखवतात आणि पुढची साइट धोकादायक आहे असं सांगतात. हा इशारा खरा असतो. तो तुम्हाला मागे फिरायला सांगतो, पैसे मागत नाही आणि फोन करायला लावत नाही. त्याचं ऐका.

उजव्या कोपऱ्यात सारख्या चौकटी येतात: "अँटीव्हायरस संपला, आजच नूतनीकरण करा." आमच्याकडे तर तो अँटीव्हायरसच नाही.

या ब्राउझरच्या नोटिफिकेशन आहेत. सिनेमा, क्रिकेट किंवा पीडीएफ शोधताना कुठल्यातरी साइटने "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा" म्हटलं आणि कुणीतरी दाबलं. त्या एका क्लिकने साइटला तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात कधीही चिठ्ठी टाकायची परवानगी मिळाली. मॅकअॅफी, नॉर्टन अशी ओळखीची नावं आणि बोधचिन्हं या चिठ्ठ्यांवर सर्रास चिकटवलेली असतात. त्या कंपन्यांचा त्यांच्याशी संबंध नसतो.

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", "साइट सेटिंग्ज" आणि "नोटिफिकेशन्स" असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. मी तर सांगते, सगळ्याच काढा. घरच्या कॉम्प्युटरवर नोटिफिकेशन वाचून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि "व्हायरस"च्या माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या एवढ्यानेच मिटतात.

त्या नंबरवर फोन केला तर होतं काय?

हे सविस्तर सांगते, कारण माहीत असलेला माणूस फसायचा थांबतो.

पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे बोलतो. तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर डाउनलोड करायला सांगतो. ही दोन्ही सॉफ्टवेअर मुळात चांगली आहेत, दुरून कॉम्प्युटर दुरुस्त करायला वापरतात. पण त्यावरचा आकडा तुम्ही वाचून दाखवला आणि परवानगी दिली की तुमचा माउस त्याच्या हातात जातो. मग तो "इव्हेंट व्ह्यूअर" नावाची विंडोजमधली खिडकी उघडतो. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी असतात. "पाहिलंत? हे सगळे व्हायरस." माणूस तिथेच खचतो.

ती खिडकी जगातल्या प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरमध्ये तशीच दिसते. नव्याकोऱ्या मशीनवरही काही दिवसांत लाल नोंदी जमतात, कारण एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, अशी फुटकळ कुरकुर विंडोज तिथे लिहून ठेवतं. तुमच्याकडे सगळं ठीक असताना स्टार्टमध्ये जाऊन ती एकदा स्वतः उघडून बघा. डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही.

त्यापुढे "सफाई"चे पैसे, मग "जास्त भरले गेलेले पैसे परत करतो" म्हणून नेट बँकिंग उघडायला लावणं, असं ते वाढत जातं.

ठाणेकरांना हा धंदा परका वाटायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते. तिथे बसलेली मुलंमुली अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून अमेरिकेतल्या लोकांना धमकावत होती आणि पैसे उकळत होती. सोंग वेगळं, पण रीत हीच: आधी भीती घालायची, मग घाई करायची आणि फोन ठेवू द्यायचा नाही. वर्तकनगरच्या एका काकूंना अशाच माणसाने दीड तास फोनवर धरून ठेवलं होतं. "मुलाला विचारते" म्हणाल्या, तर म्हणे तेवढ्यात व्हायरस मुलाच्या फोनमध्ये जाईल. घरच्यांना विचारू न देणारा माणूस दुरुस्ती करायला आलेला नसतो.

आम्ही फोन केलाय, एनीडेस्कही घेतलंय. आता?

राउटरचा प्लग काढा. पलीकडच्याचा हात तिथेच सुटतो.

मग लगेच बँकेला कळवा. नंबर कार्डाच्या मागे असतो, तो गुगलवर शोधू नका. त्यानंतर १९३० वर फोन करा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत असतात आणि लवकर कळलं तर मध्येच गोठवता येतात. इथे प्रत्येक तास मोलाचा आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांत सायबर पोलीस आहेत. महाराष्ट्र सायबरचं, म्हणजे राज्याच्या सायबर गुन्हे विभागाचं, मुख्यालयही आपल्या शेजारीच, महापेला आहे.

कळवायला उशीर का करू नये याचं कारण नियमातही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी गैरव्यवहार केला आणि बँकेकडून सूचना मिळाल्यावर तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतःच दिला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. एनीडेस्कमार्फत होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं.

मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, आधी ईमेलचा. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाकून घ्या. नुसतं एनीडेस्क काढणं मला पुरेसं वाटत नाही, मागे काय ठेवून गेलाय ते कळत नाही.

आणि घरात कुणी कुणावर रागावू नका. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलेले लोक मी पाहिले आहेत. ते दोन दिवसच महागात पडले.

अँटीव्हायरस म्हणतो "१८६ धोके सापडले". उघडून पाहिलं तर सगळ्या ट्रॅकिंग कुकी. हे व्हायरस आहेत का?

नाहीत. कुकी हा मजकुराचा लहानसा तुकडा असतो, फार तर ४ केबी. ती स्वतःहून चालू शकत नाही, फाईल बिघडवू शकत नाही आणि पसरतही नाही. काही सफाईची सॉफ्टवेअर कुकींनाही "धोका" म्हणून मोजतात. आकडा मोठा दिसला की माणूस पैसे भरून "पूर्ण आवृत्ती" घेतो. ही मोजणी मला अप्रामाणिक वाटते. आज १८६ पुसल्या तर आठवडाभर बातम्या वाचून पुन्हा तेवढ्याच जमतील.

पण व्हायरस नाही म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. पुढचं उत्तर वाचा.

मग कुकी म्हणजे नेमकं काय?

कौपिनेश्वराच्या देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसा बिल्ला. वेबसाइटची स्मरणशक्ती फार तोकडी असते, प्रत्येक क्लिकला तिला तुम्ही नवखे वाटता. म्हणून ती तुमच्या ब्राउझरकडे एक नंबर देऊन ठेवते आणि पुढच्या वेळी तो बघून ओळखते. नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही युक्ती काढली. खरेदीच्या साइटवर टोपलीत टाकलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात, ही तेव्हाची गरज होती. रेल्वेचं तिकीट काढताना पान बदललं तरी तुम्ही लॉग-इन राहता, ते तिच्यामुळेच.

हा बिल्ला त्याच देवळापुरता राहिला असता तर वाद नव्हता. आता अशी कल्पना करा की राम मारुती रोडवरच्या प्रत्येक दुकानात एकाच कंपनीचा माणूस वही घेऊन बसला आहे. तुमचं नाव त्याला माहीत नाही, पण बिल्ल्याचा नंबर तो टिपतो. ४०७ ने साडी पाहिली. ४०७ ने साखर मोजायचं यंत्र विचारलं. ४०७ ने दहावीच्या क्लासची फी विचारली. संध्याकाळी सगळ्या वह्या एकत्र केल्या की ४०७ चं घर डोळ्यांसमोर उभं राहतं. ही झाली ट्रॅकिंग कुकी, म्हणजे थर्ड पार्टी कुकी. तुम्ही ज्या साइटवर गेलात तिची ती नसते, त्या पानात जागा घेऊन बसलेल्या तिसऱ्या कुणाची तरी असते.

नातवाने एकदा कोलशेतचा टू बीएचके शोधला. आता माझ्या पंचांगाच्या साइटवरही बिल्डरच दिसतात. त्यांना कळतं कसं?

पंचांगाचं पान उघडायला लागतं तेव्हा त्यातल्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. वाशीच्या एपीएमसीत माल समोर ठेवून बोली लागते, तशीच. फक्त इथे माल म्हणजे तुमची नजर, आणि सगळा व्यवहार सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतो. बोली लावणाऱ्यांना बिल्ल्याचा नंबर, कुठलं पान, कुठलं उपकरण आणि इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजे शहर एवढं कळवलं जातं. ज्याच्या वहीत "या नंबरने फ्लॅट पाहिला" असं आहे तो जास्त बोली लावतो आणि जागा घेतो. नातवाचा फोन आणि तुमचा कॉम्प्युटर एकाच राउटरवर असल्याने बाहेरून दोघांचा पत्ता एकच दिसतो. त्यावरूनही जोडणी होते.

जिंकणारा एक असला तरी तुमची माहिती बोलीत बसलेल्या सगळ्यांच्या समोर जाते. मला खुपतं ते हे. फ्लॅटचं ठीक आहे. पण कुणी रात्री एकटं बसून आजाराबद्दल शोधतं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर स्क्रीनवर त्याच औषधाची जाहिरात येते. असं झालेल्या एका घरात मी बसलेली होते. त्या बाईंचा चेहरा विसरता येत नाही.

गुगल खातं असेल तर त्यातल्या "माय ॲड सेंटर"मध्ये जाऊन व्यक्तिगत जाहिराती बंद करता येतात. जाहिराती येतील, पण गुगलच्या जाहिराती तुमच्या खात्यातल्या हालचालीवरून ठरवल्या जाणार नाहीत.

थर्ड पार्टी कुकी बंद केल्या तर बँकेची साइट बंद पडेल का?

सहसा नाही. बँक स्वतःची कुकी वापरते. सफारीने मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकी पूर्ण अडवल्या आहेत आणि फायरफॉक्सही माग काढणाऱ्या कुकी मुळातच रोखतो. तरी त्यांच्यावर बँकिंग चालतंच. क्रोमने २०२० मध्ये या कुकी दोन वर्षांत हटवू असं जाहीर केलं होतं. तारखा पुढे जात राहिल्या आणि शेवटी तो बेत सोडला. म्हणून क्रोममध्ये हे काम आपल्यालाच करावं लागतं: सेटिंग्ज, "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", "थर्ड पार्टी कुकीज", आणि तिथे ब्लॉक. एखादी साइट अडलीच तर तेवढ्या साइटला सूट देता येते.

सगळ्याच कुकी दर आठवड्याला पुसू नका. सगळीकडून लॉग-आउट होतं, ज्येष्ठांना पासवर्ड आठवत नाहीत आणि मग ते डायरीत मोठ्या अक्षरांत लिहिले जातात.

इन्कॉग्निटोमध्ये बघितलं तर कुणालाच कळत नाही ना?

घरातल्यांना कळत नाही, एवढंच. इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी. तिच्यातली हिस्ट्री आणि कुकी ती बंद केल्यावर तुमच्या मशीनवर राहत नाहीत. साइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून अमेरिकेत गुगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गुगलने अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

प्रत्येक साइट कुकीसाठी परवानगी मागते. काय दाबू?

"रिजेक्ट ऑल" असेल तर ते. साइट तरीही चालते. हे बटण मुद्दाम फिकट रंगात असतं, शोधावं लागतं. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही वाचता यावी अशी तरतूद त्यात आहे, म्हणजे मराठीतही. हा हक्क आपण मागून घ्यायला हवा. न कळणाऱ्या भाषेत घेतलेल्या होकाराला मी होकार मानत नाही.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकू का?

टाका. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन वापरायचा सल्ला दिला होता. कारण होतं शोधाच्या निकालात वर दिसणाऱ्या खोट्या जाहिराती. प्रिंटर किंवा बँकेचं "कस्टमर केअर" शोधलंत की सगळ्यात वर "स्पॉन्सर्ड" म्हणून जे येतं, ती पैसे देऊन घेतलेली जागा असते, ती कुणीही घेऊ शकतं. सॉफ्टवेअर उतरवतानाही तेच. मी शिकवते त्या सगळ्यांना ही सवय लावते: "स्पॉन्सर्ड" दिसलं की खाली सरका.

फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन उत्तम चालतं. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागते, तीही पुरेशी आहे. नाव नीट वाचून घ्या, मिळत्याजुळत्या नावांची बनावट एक्स्टेन्शन असतात. आणि एखादी मराठी साइट तुम्ही रोज प्रेमाने वाचत असाल, तिच्या जाहिराती सभ्य असतील, तर तिला सूट द्या. लिहिणाऱ्यांची चूल बऱ्याचदा त्याच जाहिरातींवर पेटते.

पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यायलाच हवा का?

विंडोज ८ पासून अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो, आज त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. मेल, बँक, बातम्या, यूट्यूब एवढाच वापर असलेल्या घराला मी तोच पुरेसा मानते, अट एकच की अपडेट वेळेवर व्हावेत. आपल्याकडे अँटीव्हायरस म्हटलं की क्विक हील आठवतं, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं आहेच. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते उभं केलं. घरात मुलं काहीही डाउनलोड करत असतील, फोनवरून मराठीत मदत हवी असेल, तर विकतचा घ्या. पण अधिकृत साइटवरून किंवा पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या, पॉप-अपमधून कधीच नाही.

फुकट मिळणाऱ्या अँटीव्हायरसबद्दल एक घटना सांगायलाच हवी. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पाळतीपासून वाचवतो म्हणणाराच पाळत ठेवत होता.

दोन अँटीव्हायरस टाकले तर दुप्पट सुरक्षा?

नाही. दोघे एकमेकांवर संशय घेतात आणि मशीन रखडतं. एकच ठेवा.

आणि इशारा खराच असेल तर?

तो "क्वारंटाइन केलं" असं सांगत असेल, तर फाईल कोंडून ठेवलेली आहे. घाबरू नका, ती परत बाहेर काढू नका. मग "विंडोज सिक्युरिटी"मधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन पुन्हा सुरू होऊन साधारण १५ मिनिटांत तपासणी होते. मग ती फाईल आली कुठून, हे शोधा. घराघरात मला दोनच उगमस्थानं सापडतात: "नेक्स्ट, नेक्स्ट" करत उतरवलेलं फुकट सॉफ्टवेअर आणि क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वापरलेलं, विंडोज किंवा ऑफिस. असेम्बल मशीनवर दुकानदाराने "टाकून दिलेलं" विंडोज पाहिलं की मी आधी तेच विचारते. क्रॅक चालवताना अँटीव्हायरस बंद करा असं सांगितलेलं असतं. म्हणजे दार आपणच उघडतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे. तिथे सफाईची साधनं मोफत मिळतात.

आमचं मशीन विंडोज १० वर आहे. चालेल?

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित सपोर्ट संपला. ११ चालत असेल तर ते घ्या. जुन्या मशीनवर चालत नसेल तर निदान बँकेचे व्यवहार त्यावरून करू नका.

माझा प्रश्न यात नाही.

कशालाही हात न लावता मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा. वरची पत्त्याची पट्टी आणि खालचं घड्याळ दोन्ही त्यात यायला हवीत. तो फोटो घरातल्या जाणत्या माणसाला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत चहा ठेवा.